चि. निखिलला, त्या कलेजीबद्दल

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल तुझे फोटो आले. पहिलंच हरीण, तेही एका गोळीत! अण्णा असते तर गावभर सांगत फिरले असते. पण दुसऱ्या फोटोत कढईत कांद्यावर परतलेली कलेजी दिसली, आणि बाजूला दोन ताटं. मग झोप लागली नाही.

अरे, ते हरीण तपासायला दिलंस का?

विस्कॉन्सिनात हरणांचा तो झिजत नेणारा रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, 2002 साली पहिल्यांदा सापडला, आणि सापडला तो तुमच्या मॅडिसनच्या पश्चिमेलाच. तो जंतू नव्हे, की उकळला आणि मेला. प्रथिनाची घडीच बिघडलेली असते, शिजवून ती नीट होत नाही. भेजा, कणा, डोळे, तिल्ली, गळ्याच्या गाठी यांत त्याचा भर जास्त. माणसाला झाल्याची नोंद अजून नाही, हे तू सांगशील. पण इंग्लंडात गाईंचा असाच रोग, मॅड काउ, 1986 साली ओळखला गेला आणि माणसाशी त्याचा संबंध जाहीर व्हायला 1996 उजाडलं. मी तेव्हा नोकरीत होतो, ती बातमी विसरलेलो नाही.

लेक्चर झालं, माफ कर. तू शहाणा आहेस.

कत्तलखान्यात मांस तपासताना मी काळीज, म्हणजे यकृत, आधी हातात घ्यायचो. कडा बोथट आहे का, पित्तनळ्या जाड झाल्यात का. म्हशीच्या काळजात सुरी करकरली, की आत जंतांनी घर केलेलं. ते हाताला कळायचं. तुझं हरीण मात्र रोग अंगात असूनही कित्येक महिने धडधाकट दिसतं, म्हणून हा जीव टांगणीला.

पाटणच्या रानात अण्णांच्या शिकारीला काळजाचा पहिला तुकडा हाकेवाल्यांचा, म्हणजे रान उठवणाऱ्यांचा असायचा. निखाऱ्यावर भाजून, नुसतं मीठ लावून. मी लहान होतो, मलाही बोटभर मिळायचा. धूर आणि रक्ताचा तो वास अजून नाकात आहे. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, अण्णांनी बंदूक जमा केली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तुझ्या हातात बंदूक पाहून ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू?

पण रेवाला तिसरा महिना आहे ना? कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं, पोटातल्या बाळाला ते जास्त झालं तर बाधतं. हे हरणाचंच नाही, बकऱ्याच्या कलेजीलाही लागू. एका जेवणाने काही होत नाही, तिला घाबरवू नकोस. यापुढे मात्र तिच्या ताटात नको. आईला मी फोटो दाखवलेला नाही.

तिकडे हरणाचं मुंडकं ठेवायला खोकी असतात म्हणे, तपासणी फुकट. टाकलं नसशील तर आजच नेऊन दे. निकाल येईपर्यंत फ्रीजरमधलं काही काढू नका. रोग निघाला तर सगळं टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी. निकालाचा कागद मला पाठव, नुसतं 'ठीक आहे' लिहू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. गोळी शिशाची होती की तांब्याची? शिशाची असेल तर बारीक कण जखमेपासून वीतभर लांबही जातात. काळजाजवळून गेली होती का, ते कळव.