क्लॅरिसकडे बघणारी माणसं

पिट्सबर्ग

प्रिय ताई,
सा. नमस्कार.

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' वाचून संपवलंस, लगेच सिनेमाही पाहिलास आणि 'पुस्तकाची सर नाही' असा निकाल देऊन टाकलास. मला तो मान्य नाही. फोनवर घाईघाईत हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

गाळलेल्या गोष्टींची तुझी यादी बरोबर आहे. थॉमस हॅरिसच्या कादंबरीत, एफबीआयची शिकाऊ क्लॅरिस ज्याच्या हाताखाली खुन्याचा माग काढते त्या क्रॉफर्डची बायको घरी शेवटच्या दुखण्याने पडून आहे, आणि त्यामुळे तो माणूस खोलवर कळतो. सिनेमात ती नाहीच. पण किती पानं गेली यावरून सिनेमा जोखायचा का? गेलेल्या पानांच्या जागी काय आलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

इथे आली ती नजर. क्लॅरिसशी बोलणारी माणसं पुन्हा एकदा बघ. क्रॉफर्ड, मनोरुग्णालयाचा प्रमुख चिल्टन, तिथे कैदेत असलेला नरभक्षक डॉक्टर लेक्टर, सगळे जवळजवळ थेट कॅमेऱ्यात बघतात, म्हणजे आपल्याकडेच. क्लॅरिस मात्र किंचित बाजूला बघते. दिग्दर्शक जोनाथन डेमी आपल्याला न सांगता तिच्या जागी उभं करतो. सुरुवातीला ती लिफ्टमध्ये शिरते तेव्हा भोवती लाल शर्टातले उंच पुरुष असतात. वेस्ट व्हर्जिनियात प्रेत तपासायला जाते तेव्हा खोलीभर पोलीस तिला न्याहाळत असतात. यावर कुणी चकार शब्द काढत नाही, तरी आपण अवघडतो. कादंबरीत हे शब्दांतून कळतं, इथे ते अंगावर येतं.

आणि शेवटी तळघरातला अंधार. क्लॅरिस ज्याला शोधतेय त्या बफेलो बिल नावाच्या खुन्याच्या डोळ्यांवर अंधारात दिसणारा चष्मा आहे, आणि इतका वेळ तिच्या जागी असलेले आपण एकदम त्याच्या नजरेतून तिला बघायला लागतो. ती चाचपडतेय आणि त्याचा हात तिच्या केसांपर्यंत पोचलाय. सिनेमाभर तिच्यावर रोखलेल्या सगळ्या नजरा त्या एका हिरवट दृश्यात गोळा होतात. यात रक्त जवळजवळ नाही, तरी दरवेळी माझा श्वास अडकतो.

लहानपणी कापल्या जाणाऱ्या कोकरांच्या किंकाळ्या ऐकल्याचं क्लॅरिस लेक्टरला सांगते, त्या प्रसंगाबद्दल तर मी तुझ्याशी भांडणारच. तुझं म्हणणं, लहानपणीचं ते शेत दाखवायला हवं होतं. अगं, फक्त दोन चेहरे आहेत म्हणूनच तो प्रसंग उभा राहतो! क्लॅरिस झालेल्या जोडी फॉस्टरच्या आवाजात ते शेत आहे. शिवाय पटकथाकार टेड टॅलीचा एक बदल तुझ्या नजरेतून सुटलेला दिसतो. पुस्तकात ती हॅना नावाच्या घोडीला घेऊन पळते आणि ती घोडी वाचते. सिनेमात ती एक कोकरू उचलून पळते आणि तेही वाचत नाही. म्हणजे या क्लॅरिसला एकही जीव वाचवता आलेला नाही. खुन्याने विहिरीत डांबलेल्या कॅथरीनसाठी ती इतकी का झटते, ते मला पुस्तकापेक्षा इथे जास्त पटलं.

दोन बाबतींत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. बफेलो बिल लिंग बदलू पाहणाऱ्या माणसांपैकी नाही, हे कादंबरी डॉक्टरांच्या तोंडून ठासून सांगते. सिनेमा ते एक-दोन वाक्यांत उरकतो, आणि लक्षात राहतो तो आरशासमोर नटून नाचणारा खुनी. १९९२च्या ऑस्करच्या वेळी बाहेर निदर्शनं झाली. आत याच सिनेमाने पाचही मोठी बक्षिसं नेली, तरी बाहेरच्यांचा राग मला रास्त वाटतो. दुसरं म्हणजे शेवट. पुस्तक क्लॅरिसला अखेर शांत झोप देतं. सिनेमा लेक्टरचा फोन दाखवतो, मग तो चिल्टनच्या मागे गर्दीत चालत जातो आणि प्रेक्षक खुन्याबरोबर हसत बाहेर पडतात. अँथनी हॉपकिन्स थोर नट, पण गोष्ट तिची होती.

लेक्टरचा पिंजरा जिथे उभारला होता ती सोल्जर्स अँड सेलर्सची इमारत इथेच आहे. सिनेमातलं मेम्फिस म्हणजे प्रत्यक्षात पिट्सबर्ग! तू आलीस की दाखवीन.

सिनेमा पुन्हा लावशील तेव्हा बाबांना सोबत बसवू नकोस. प्रेत तपासण्याचा प्रसंग त्यांना सोसणार नाही. आणि घोडीच्या जागी कोकरू आलं, ते तुला पटलं की नाही, ते सविस्तर लिही.

आईला नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ