सल्ला बदलला तर बदलला म्हणून सांगा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत महिन्याभरात दोन लेख आले, एकात सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यातून चमचाभर तूप घ्या असं होतं आणि दुसऱ्यात तेल-तूप जितकं कमी तितकं बरं असं, लिहिणारे दोघंही डॉक्टर. आमच्या सुनेने पहिला लेख कापून ठेवला होता, दुसरा वाचल्यावर तिने मला विचारलं, आई यातलं खरं कुठलं. मी 31 वर्षं आरोग्यसेविका होते, घरोघर जाऊन हेच सांगत फिरले, तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

सल्ला बदलतो याबद्दल माझी तक्रार नाही. अभ्यास वाढला की बदलणारच. पण बदलला की आधीचं काय झालं ते कोणी सांगत नाही, नवीन तेवढं जोरात सांगतात आणि जुनं लोकांच्या घरात तसंच राहतं.

एक प्रसंग सांगते. 1998 साली आमच्या उपकेंद्राच्या गावात एका बाईला पहिला मुलगा झाला. तेव्हा आम्हाला ट्रेनिंगमध्ये चार ते सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध असं शिकवलेलं, त्यामुळे मी तिला चार महिने झाले की वरणाचं पाणी, मऊ भात सुरू कर म्हणून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 ला ते पूर्ण सहा महिने केलं आणि होता होता ते आमच्यापर्यंत आलं. 2005 ला तिला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही. ती बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "बाई, पहिल्याला तुम्हीच चार महिने म्हणला होता की, मग तवा चुकीचं सांगितलं का?" शेजारी सासू, तिचेही कान टवकारलेले. मी त्या दिवशी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि रात्रभर मला ते लागून राहिलं. पुढच्या भेटीत मी तिला नीट सांगितलं, की तेव्हा आम्हाला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आता जास्त बाळांवर अभ्यास झालाय, सहा महिने फक्त दूध घेतलेल्या बाळांना जुलाब कमी होतात असं दिसलंय. सासूच आधी म्हणाली, मग तसंच करू. त्या घरात माझा शब्द कमी झाला नाही, उलट त्यानंतर सासू स्वतःहून विचारायला यायला लागली.

हे साधं काम मोठ्या पातळीवर कोणी करत नाही. माझ्या सासऱ्यांना 1994 ला छातीत दुखून ॲडमिट केलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलमुळे अंड्यातलं पिवळं बंद केलं. त्या दिवसापासून सासूबाई उकडलेलं अंडं दोऱ्याने मधोमध कापायच्या, पिवळा गोळा अलगद काढून नातवाच्या ताटात, पांढऱ्या वाट्या सासऱ्यांच्या. सासरे 2019 ला गेले, तोपर्यंत हेच चाललं. मधल्या काळात अमेरिकेच्या सरकारने 2015 ते 2020 साठी जी आहार मार्गदर्शिका काढली त्यातून दिवसाला 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल ही मर्यादा काढून टाकली होती. हवी तेवढी अंडी खा असा त्याचा अर्थ नाही, शुगरवाल्यांनी आणि हार्टच्या पेशंटनी डॉक्टरांना विचारूनच खावं, पण तो आकडा आता राहिला नाही हे त्या माणसाला सांगायला शेवटच्या तीन-चार वर्षांत एकही फॉलोअपचा डॉक्टर थांबला नाही. त्यांना पिवळं फार आवडायचं हो.

डालड्याचंही, म्हणजे तेल घट्ट करून केलेल्या वनस्पती तुपाचंही तेच. 1937 ला बाजारात आला, स्वस्त, टिकाऊ, दिसायला तुपासारखा दाणेदार, माझ्या लहानपणी लग्नातली बुंदी त्याच्यातच तळलेली असायची आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. नंतर कळलं की तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2021 ला 3 टक्के आणि 2022 च्या जानेवारीपासून 2 टक्के अशी मर्यादा आली. आमच्या गल्लीतल्या एक मावशी शंकरपाळ्यांना अजून मोहन डालड्याचंच घालतात, विचारलं तर म्हणतात आमच्यात पहिल्यापासून असंच. पहिल्यापासून म्हणजे त्यांच्या सासूपासून. यावरून लोक बदलतच नाहीत असं म्हणतात, पण उपवासाची गोष्ट घ्या, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, ही सगळी झाडं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुळली, आणि आज त्यांच्याशिवाय एकादशी होत नाही. खरं जुनं धान्य त्या ताटात वरईच असते आणि पोरं तिलाच नाक मुरडतात. तर लोक बदलत नाहीत हे म्हणणं मला पटत नाही, लोक बदलतात, फक्त ते बदलणं त्यांच्या चुलीला जुळलं पाहिजे.

मी मंगळवेढ्याची, म्हणजे ज्वारीच्या कोठारातली. 1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकर थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना गव्हाची चपाती म्हणजे सुखाचे दिवस आले असं वाटणं साहजिक आहे. पाहुणे आले की चपाती, शाळेच्या डब्यात चपाती, भाकरी आणणारी पोरं डब्याचं झाकण आडवं धरून खायची. मग 2023 हे भरडधान्यांचं वर्ष झालं आणि तीच ज्वारी पुड्यात भरून, बिस्किटं करून शहरात महागात विकायला लागले. चांगलं झालं, शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले तर आनंदच आहे. पण डायबेटिसवाल्यांना "ज्वारी खा" एवढंच सांगून मोकळे होऊ नका. माझे मोठे भाऊ ज्वारी चांगली म्हणून दोन्ही वेळेला तीन-तीन भाकऱ्या खात होते आणि शुगर का वाढते म्हणून हैराण. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात पासष्ट-सत्तर ग्रॅम पिष्टच असतं, गव्हापेक्षा फार कमी नाही. एक भाकरी, त्याच्यासोबत वाटीभर उसळ आणि भरपूर पालेभाजी असं ताट मांडून दाखवलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. दोन वेळाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, यावरून घराघरात वाद झाले तेव्हाही ताटात किती यापेक्षा कितीदा यावरच सगळे भांडत होते.

आणि चहा. गरोदर बायकांना लोहाच्या लाल गोळ्या द्यायचो, आधी 100 दिवसांसाठी असायच्या, आता 180 दिवसांसाठी आहेत, पण हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून घरी जाऊन बघावं तर गोळी चहासोबत घेतलेली, कारण गोळीने मळमळतं आणि चहाने बरं वाटतं. चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मे महिन्यात सांगितलं तेव्हा मोठी बातमी झाली, आम्ही मात्र ते कधीपासून सांगत होतो. चहा सोड म्हटलं तर कोणी ऐकत नाही, गोळी रात्री जेवल्यावर तासाने लिंबूपाण्यासोबत घे म्हटलं की ऐकतात. बाळंतपणात अळिवाचे लाडू खा म्हटलं की सासूच पुढे होऊन करते, अळिवात लोह भरपूर असतं हे तिला सांगावंसुद्धा लागत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, पुरवणीत आहाराचा लेख छापताना आधी काय सांगितलं जायचं, आता काय सांगतात, का बदललं आणि किती खायचं या चार ओळी चौकटीत द्या, दोन डॉक्टरांचं जुळत नसेल तर तेही लिहा, वाचकाला ते कळतं. शिवाय ओट्स, ब्रोकोली, किनवा एवढंच न देता शेवगा, हुलगे, जवसाची चटणी यांच्याबद्दलही लिहा. आणि सैंधव मीठच खा असं कोणी लिहून पाठवलं तर मग आयोडीन कुठून मिळणार ते त्यांना आधी विचारा.

मागच्या महिन्यात बाजारात ती बाई भेटली, 1998 च्या मुलाचं लग्न झालंय, सून बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. पिशवीत डिंक आणि खारीक होती. मला बघून थांबली आणि म्हणाली, "बाई, आता किती महिने?"

मी म्हटलं, सहाच गं, अजून बदललेलं नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, मंगळवेढा