यानात गुरुत्वमापक नव्हताच!

संपादक महोदय,

कालच्या अंकातला चंद्राच्या गुरुत्वनकाशावरचा, म्हणजे चंद्राची ओढ कुठे जास्त नि कुठे कमी ते दाखवणाऱ्या नकाशावरचा, लेख वाचला. नकाशा रंगीत छापलात, आभार. पण ‘यानावरील संवेदनशील गुरुत्वमापकाने ही नोंद केली’ हे कुठून आणलंत? चंद्राभोवती फिरणारं यान चंद्राकडे सतत पडतच असतं. त्यात गुरुत्वमापक ठेवला तर तो शून्य दाखवेल! मापक म्हणजे ते यानच: ओढ बदलली की त्याचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरीची वारंवारता. पृथ्वीवरून एस-बँड या पट्ट्यातली रेडिओलहर सोडायची, यानातल्या ट्रान्सपाँडरने (लहर घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्राने) तिची वारंवारता २४०/२२१ पट करून ती परत धाडायची आणि परतलेली वारंवारता मोजायची. यानाचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरने बदलला तर फरक पडतो जेमतेम ०.०१५ हर्ट्झ. त्यातून पृथ्वीचं फिरणं, वातावरण, सूर्यप्रकाशाचा दाब वजा करायचा. मध्येच यानाने थ्रस्टर, म्हणजे दिशा सावरणारं छोटं इंजिन, चालवला की तेवढी नोंद नासली. एवढं करून जे उरतं त्यातून नकाशा निघतो.

१९६८ साली मुलर आणि शोग्रेन या शास्त्रज्ञांना ल्युनार ऑर्बिटर या नासाच्या चांद्रयानांच्या अशाच उरलेल्या आकड्यांत मॅस्कॉन, म्हणजे जास्त ओढ असलेले वस्तुमानाचे साठे, सापडले. मारे इम्ब्रियम हा चंद्रावरचा खोलगट भाग, तिथे ओढ कमी हवी, निघाली जास्त. कारण खालून वर उचललेलं जड प्रावरण (कवचाखालचा थर) आणि त्यावर साचलेला बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तुमच्या नकाशाखाली मात्र ‘लाल म्हणजे उंच पर्वत’! लाल म्हणजे जास्त ओढ, उंची नव्हे.

आणि हे फरक म्हणे ‘किरकोळ’. अपोलो-१६ने २४ एप्रिल १९७२ला सोडलेला छोटा उपग्रह सुरुवातीला साधारण ९० ते १२० किलोमीटर उंचीवरून फिरत होता. अडीच आठवड्यांत तो पृष्ठभागापासून १० किलोमीटरवर आला, मग पुन्हा वर चढला, पुन्हा उतरला आणि ३५ दिवसांत, ४२५ फेऱ्यांनंतर आदळला. तिथे हवा नाही, घर्षण नाही. त्याला खाली खेचलं ते याच किरकोळ फरकांनी.

‘पृथ्वीवरून संपूर्ण चंद्र मोजला’ हेही चूक. यान चंद्राआड गेलं की संपर्क तुटतो. म्हणूनच जपानच्या कागुया यानाने सोबत ओकिना हा निरोप्या उपग्रह नेला आणि २०१२मध्ये नासाच्या ग्रेल मोहिमेतल्या एब आणि फ्लो या जोडयानांनी, पृथ्वीशी संपर्क नसतानाही, आपसातलंच अंतर मोजलं.

विषय चंद्राचाच आहे म्हणून आणखी एक. भरतीच्या चौकटीत तुम्ही आठवडाभर मीटरच्या जागी फूट छापताय. भरती ४.८ फुटांचीच असती तर मरीन ड्राइव्हवर भिजायला कोण गेलं असतं?

– एक वाचक, मुलुंड