उत्तर आले, आता एरियलची काडी मोजा

संपादक महोदय,

माझी नात अकरावीला आहे. परवा तिने १०१ मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी काढली आणि उत्तर लिहिले २९,७०,२९७ मीटर. सूत्र (प्रकाशाचा वेग भागिले लहरीची वारंवारता) बरोबर, भागाकारही बरोबर. 'मेगा'ची सहा शून्ये तेवढी राहून गेली. चूक कोणाचीही होते. पण जवळजवळ तीन हजार किलोमीटरची लहर वहीत उतरवताना तिला काहीच खटकले नाही, याचे मला वाईट वाटले.

नारायणगावात मी ३६ वर्षे रेडिओ दुरुस्त केले. १०१ म्हणजे पुण्याची विविध भारती. जुना ट्रान्झिस्टर काढून एरियलची काडी पूर्ण ओढली आणि टेप नातीच्या हातात दिली. भरली ७३ सेंटिमीटर. मग सांगितले, प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर आणि मेगा म्हणजे दहा लाख. शून्ये कटली की उरतात तीनशे; त्याला १०१ ने भाग. आले २.९७ मीटर. त्याचा पाव भाग ७४ सेंटिमीटर. काडी पाव लहरीच्या मापाची असते, हे तिने स्वतःच ओळखले.

जुन्या व्हॉल्व्हच्या सेटवर मीटरचेच आकडे असत. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७९ मीटर. एवढ्या लहरीच्या पाव भागाची काडी कुठल्या घरात मावेल? म्हणून मिडीयम वेव्हसाठी रेडिओच्या आत फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर तारेचे वेटोळे असते.

जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. त्यांना पत्रा नाही, जाळी आहे. आरपार आभाळ दिसते. विज्ञान दिनाला आलेली मुले हमखास विचारतात, लहर त्यातून निसटत नाही का? अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी लहर १४२० मेगाहर्ट्झची. तीनशे भागिले १४२०, म्हणजे २१ सेंटिमीटर. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्याशा भोकातून ती लहर निसटत नाही, वारा मात्र निघून जातो.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: या सूत्राखालच्या उदाहरणांत एक तरी असे द्या, ज्याचे उत्तर मुलाला घरी टेप लावून पडताळता येईल.

— एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, नारायणगाव