फॉरमॅट मारण्याआधी

महोदय,

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि गावोगावचे जुने संगणक ‘विंडोज मारून’, म्हणजे डिस्क पुसून (फॉरमॅट करून) विंडोज नव्याने बसवून घेण्यासाठी तालुक्याच्या दुकानांत येऊ लागले. यांतील बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पळवाटेने ती बसवता येते. परंतु अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे दुकानदाराने पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे.

माझा मुख्य आक्षेप घाईला आहे. सी ड्राइव्ह पुसला की डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधील सारे जाते, आणि सातबारा, पीकविम्याची पावती, मुलांची जातपडताळणीची कागदपत्रे आपण नेमकी तिथेच ठेवतो. डी ड्राइव्हवर केलेली प्रतही बहुधा त्याच डिस्कवर असते. ती बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर चार-दोन फायली उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नये. ज्यांनी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये अर्ज, ठराव, प्रश्नपत्रिका टंकलेखित केल्या आहेत, त्यांनी फाँटच्या फायलीही सोबत घ्याव्यात. अन्यथा मजकूर शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि फाइल बिघडली असे समजून माणसे ती पुसून टाकतात. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, आधीच कागदावर उतरवावी.

केवळ संथ झालेल्या यंत्राला सेटिंग्जमधील रीसेट अनेकदा पुरतो. त्यात वैयक्तिक फायली ठेवण्याचा पर्याय असतो, प्रोग्रॅम मात्र पुन्हा टाकावे लागतात. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली मोफत आहे; पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, प्रिंटर व मराठी टंकलेखन आधी तपासता येते. बोटाच्या ठशाचे यंत्र वापरणाऱ्यांनी त्याचे सॉफ्टवेअर तिथे चालते का, हे अवश्य पाहावे.

मृगाच्या वादळी दिवसांत आमच्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएसविना डेस्कटॉपवर हे काम सुरू करू नये. ऐपत असल्यास सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे नवी एसएसडी (वेगवान डिस्क) घालून तिच्यावर प्रणाली बसवणे आणि जुनी डिस्क न पुसता, त्यावर तारीख लिहून, निदान पुढचा खरीप हंगाम उलटेपर्यंत कपाटात ठेवणे.

— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ