सोंग-कुलला जायचं, पण पायरीपायरीने

नागपूर,
४ मे

प्रिय दिनू,

तुझा किरगिझस्तानचा बेत वाचला आणि त्याच रात्री नकाशा काढून बसलो. बाहेर अकरा वाजतासुद्धा झळा येत होत्या, कूलर नुसता गरम वारा फेकत होता, आणि मी बर्फाच्या खिंडी मोजत होतो. तू हा देश निवडलास याचा मला फार आनंद झाला. दोन लाख चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगर. तरी आपल्याकडे बहुतेकांना तो ठाऊक आहे तो मेडिकलला गेलेल्या पोरांमुळेच.

पण तुझ्या बेतातून दक्षिणेकडचं ओश शहर काढून टाक बे. तिथला सुलेमान पर्वत बघावा असा आहे, जागतिक वारसा यादीत आहे, सगळं कबूल. पण राजधानी बिश्केकहून रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, मधे तीन हजार मीटरवरच्या खिंडी. जाण्यायेण्यातच सुट्टी संपेल. ओशसाठी कधीतरी वेगळं जाऊ.

दुसरं म्हणजे, बिश्केकला उतरून दुसऱ्याच दिवशी सोंग-कुल, ते डोंगरातलं तळं, तू लिहिलंयस, ते मला अजिबात पटलं नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. आपली उंचीची सवय म्हणजे चिखलदरा, तेही हजार-अकराशे. सोंग-कुल ३,०१६ मीटरवर आहे आणि तिथे जाताना ओलांडायची खिंड त्याहून उंच. थेट गेलो तर डोकं ठणकेल, मळमळेल, रात्रभर झोप नाही, आणि ज्या जागेसाठी एवढं केलं तिथे तू पांघरुणात पडून राहशील. आता आपण पन्नाशीचे आहोत, आणि तुला रक्तदाबाची गोळी चालू आहे. निघण्याआधी तुझ्या डॉक्टरांना उंची सांगून विचार, हे मी हात जोडून सांगतो.

म्हणून मी क्रम उलटा लावला. बिश्केक आठशे मीटरवर. तिथे दोन रात्री, एक दिवस जवळच्या अला-अर्चा दरीत चालायला. मग पूर्वेकडे निघायचं. वाटेत तोकमोकजवळ बुराना मनोरा आहे, अकराव्या शतकातला. भूकंपांनी वरचा भाग पडला, आता साधारण पंचवीस मीटर उरलाय. त्याच्या आसपास गवतात दगडी माणसं उभी आहेत, हातात प्याला धरलेली. तिथे घाई करायची नाही.

पुढे इसिक-कुल. दिनू, या तळ्याचं पाणी १,६०७ मीटरवर आहे. आपण कळसूबाईच्या माथ्यावर धापा टाकत उभे होतो ना, जवळजवळ त्या उंचीवर १८० किलोमीटर लांबीचं तळं! सहाशे मीटरच्या वर खोल, किंचित खारं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. सगळे उत्तर किनाऱ्यावर उतरतात. आपण परतताना दक्षिण किनारा धरू. तिकडे गर्दी कमी, आणि पाण्यापलीकडे बर्फाची रांग दिसते.

कराकोलला तीन रात्री हव्यातच. लोखंडी खिळा न वापरता बांधलेली डुंगन लोकांची, म्हणजे चीनमधून आलेल्या मुसलमानांची, लाकडी मशीद तिथे आहे. आणि अशलान-फू! थंड, आंबट-तिखट रश्शातल्या शेवया. तर्रीवर वाढलेल्या माणसाला ते आवडणारच. तिथून अल्तिन-अराशानला, अडीच हजार मीटरवर, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी एक मुक्काम. शरीराला उंची कळू दे. मग कोचकोरला खाली उतरून झोपायचं आणि मगच सोंग-कुल.

तिथे झाड नाही. नुसतं गवत, घोडे, मेंढ्या आणि पाणी. मेंढपाळ कुटुंबं जून ते सप्टेंबर तिथे राहतात. लाकडी जाळीवर लोकरीचा नमदा चढवलेला तंबू, युर्त, मधे शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी. छताच्या मधोमध जे गोल लाकडी कडं असतं, तेच त्यांच्या झेंड्यावर आहे. इथे मला दोन रात्री हव्यात. एक दिवस घोड्यावर, एक दिवस काहीच न करता. बाकी सगळं कापलं तरी चालेल, हे कापू नकोस.

ऑगस्टमध्येही तिथे रात्री पाणी गोठू शकतं, तेव्हा थर्मल, कानटोपी, जाड मोजे हवेच. तुझ्या शाकाहाराची काळजी मी केली आहे: ब्रेड, लोणी, घट्ट साय, जर्दाळूचा जॅम, बोरसोक म्हणजे तळलेले कणकेचे तुकडे, काकडी-टमाटर एवढं तर मिळेल. चिवडा आणि ठेचा आपण नेऊच. घोडीचं आंबवलेलं दूध, कुमिस, देतील. त्यात थोडी नशा असते. नको असेल तर छातीवर हात ठेवून मान लववायची. तसं नाही म्हटलं की कोणी रागावत नाही.

रशियन अक्षरं शिकायला घे. मी सुरुवात केली आहे, फलक वाचता आले की मार्शुत्का, म्हणजे तिथली छोटी बस, शोधणं सोपं जातं.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याची रजा आत्ताच टाक, नंतर तुझे साहेब ऐकायचे नाहीत. पासपोर्टची मुदत बघ, ई-व्हिसाचा अर्ज आपण सोबतच भरू. दिल्लीपर्यंतचं तिकीट मी बघतो. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांनाही यायचं असेल तर लगेच कळव, तंबूत जागा आधी सांगून ठेवावी लागेल.

तुझा,
प्रकाश