उसाचा पिवळा पाला आणि टॉनिकची बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचे शेतीचे पान मी कापून फायलीला लावून ठेवतो. ती सवय कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो तेव्हाची. आता निवृत्तीनंतर वाळवा तालुक्यातली अडीच एकर मळी स्वतः कसतो. आपल्या पानावर ऊस पिवळा पडल्यावर कोणते संजीवक, म्हणजे वाढीचे टॉनिक, फवारावे, हे अनेकदा येते. ऊस पिवळा का पडतो, हे फार क्वचित येते. आमच्या भावकीतल्या एका मुलावर यंदा जी वेळ आली तिच्यामुळे हे पत्र लिहावे लागले.

त्याच्या उसाची आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली, लागवड जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. पावसाने पंधरवडाभर सऱ्यांतले पाणी हटू दिले नाही. सप्टेंबरात तो हातात बाटली घेऊन आला. "सर, ऊस पार पिवळा पडलाय बघा. हे मारलं की आठ दिवसांत काळाभोर होतोय म्हणं." काळाभोर म्हणजे गर्द हिरवा. बाटलीत सिक्स बीए आणि जिब्रेलिक आम्ल, ही दोन संजीवके. गावातल्या बैठकीत विक्रेत्याने ती त्याच्या गळ्यात मारलेली. मी त्याला एकच विचारले, "नत्र खताचा दुसरा हप्ता टाकलास का?" चिखलामुळे टाकता आला नव्हता.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. लागणीला त्यातले १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला माती चढवताना, उरलेले ४० टक्के. या मुलाचा ४० टक्क्यांचा हप्ताच चुकला होता, एकरी ६४ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोची साधारण तीन पोती, पोत्याला २६६ रुपये ५० पैसे या दराने आठशे रुपये. बाटलीला त्याने याच्या दीडपट पैसे मोजले होते, आणि तिच्यातून एकरभर उसावर पडणार होते काही ग्रॅम संजीवक. जिथे चौसष्ट किलोंची उणीव आहे तिथे काही ग्रॅमांनी ती कशी भरून निघावी?

संजीवके खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. मी ती वर्गात पंचवीस वर्षे शिकवली आहेत. पण संजीवक हा झाडाच्या एका भागाने दुसऱ्या भागाला धाडलेला निरोप असतो. मुळांना नत्र मिळाले की ती सायटोकायनिन बनवतात आणि पाण्याच्या नळ्यांतून वर पाठवतात. 'खाली धान्य आहे, पाने वाढवा, फुटवे काढा' असा त्याचा अर्थ. नत्र आटले की सायटोकायनिन घटते. मग झाड जुन्या पानांतली प्रथिने आणि हरितद्रव्य मोडते आणि त्यातले नत्र शेंड्याच्या कोवळ्या पानाला देते. म्हणून नत्र कमी पडल्याचा पिवळेपणा खालच्या पानापासून सुरू होतो. घरात दाणे संपत आले की आई आपल्या ताटातली भाकरी पोराच्या ताटात सरकवते, तसेच हे आहे.

याउलट शेंड्याची पाने पिवळी पडली, शिरा हिरव्या राहिल्या आणि खालचा पाला बरा असला, तर ते बहुधा लोह कमी पडल्याचे लक्षण. कृष्णाकाठच्या चुनखडीच्या आणि क्षारपड रानांत ते नेहमी दिसते. तिथे युरिया ओतूनही उपयोग नाही. पिवळा हा रंग एकच, पण तो वरून आला की खालून, एवढे पाहिले तरी निम्मा निर्णय होतो. आमच्याकडे हे पाहायला कोणी वाकत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

बाटलीतले सिक्स बीए हे सायटोकायनिनच. या गटातले पहिले द्रव्य, कायनेटिन, १९५५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सापडले. १९५७ साली दाखवले गेले की तोडलेली पाने कायनेटिनच्या पाण्यात ठेवली तर जास्त दिवस हिरवी राहतात. मी हा प्रयोग मुलांकडून गव्हाच्या पानांवर करून घेत असे. दोन वाट्या, एकीत साधे पाणी, दुसरीत कायनेटिन. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक डोळ्यांना दिसे. मग मी मुलांना विचारी, हिरव्या पानात नत्र नवे आले का? ते कुठून येणार! होते तेच पानात अडकून राहिले. फवारणीने 'आठ दिवसांत काळाभोर' दिसणाऱ्या उसातही काही अंशी हेच होते, असे मला वाटते. खालच्या पानाने सोडायचे नत्र सोडले नाही तर उपाशी राहतो तो शेंडा.

फुटव्यांचेही असेच. कमी नत्रात आणि कमी स्फुरदात मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे दुसरे संजीवक जास्त बनवतात, आणि ते उसाच्या डोळ्यांना, म्हणजे कांडीवरच्या कोंबांना, फुटू देत नाही. या गटातले पहिले द्रव्य १९६६ साली कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे केले गेले. ते फांद्या रोखणारे संजीवक आहे हे मात्र २००८ साली फ्रान्स आणि जपानमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्याचे नाव ज्या तणावरून पडले ते आपल्या ओळखीचे आहे, ज्वारीतला टारफुला, शास्त्रीय नाव स्ट्रायगा. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळच्या मुळातून हा स्राव आला की उगवून त्याच मुळाला चिकटते. भुकेल्या ज्वारीच्या मुळांतून स्राव जास्त येतो. माझी आजी जतकडची. हलक्या, उपाशी रानात टारफुला माजतो, असे ती म्हणायची. तिच्या बोलण्यामागचे कारण मला साठी ओलांडल्यावर वाचायला मिळाले.

मुळे एकमेकींशीही बोलतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडावर हे उलगडले. अर्धी मुळे नत्र नसलेल्या बाजूला आणि अर्धी नत्र असलेल्या बाजूला ठेवली, तर उपाशी मुळे एक छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, वर पानांकडे धाडतात, आणि पानांकडून उलटा निरोप खाली येतो. त्यानंतर भरल्या बाजूची मुळे नत्र जास्त जोमाने ओढतात. उसात हेच तसेच्या तसे घडते असा दावा मी करत नाही. पण पहारीने एका बाजूला भोक पाडून खत द्यायची रीत आठवली की हे वाचताना अंगावर काटा येतो. खत विस्कटून टाकण्यापेक्षा मुळाजवळ मातीआड टाकले तर वाया कमी जाते, हे तर आपल्या शेतकऱ्याने स्वतः पाहिलेले आहे.

पाणी साचलेल्या सरीत अडचण आणखी वाढते. मातीत हवा राहत नाही, तेव्हा जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे मातीतल्या नत्राच्या एका रूपाचा, वायू करून टाकतात आणि तो उडून जातो. बुडालेली मुळे सायटोकायनिन कमी पाठवतात, झाडात इथिलीन हे पिकवणारे वायुरूप संजीवक वाढते, पाने लवकर पिकतात. अशा वेळी पहिले औषध म्हणजे चर काढून पाणी बाहेर सोडणे.

तासगावच्या द्राक्षबागायतदारांना हे पत्र पटणार नाही, कारण त्यांना जिब्रेलिक आम्लाचा खरा गुण आलेला आहे. ते बरोबरच आहे. घड मोकळा करायला आणि मणी फुगवायला ते चालते. पण तिथे खत, पाणी, छाटणी सगळे तोलून झालेले असते आणि मात्रा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग अशी, मोजलेली असते. उपाशी उसावर तीच बाटली मारणे वेगळे. आणि भीतीपोटी युरियाची जास्तीची पोती ओतणेही तितकेच वाईट. ऊस लोळतो, उशिरा दिलेल्या नत्राने रसातली साखर उतरते, आणि उरलेले नायट्रेट विहिरीच्या पाण्यात जाते.

२०२१ साली केंद्राने खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश केला, तेव्हा बाजाराला शिस्त लागेल असे वाटले होते. आमच्या गावात तरी बाटलीवरच्या चिठ्ठीत आत काय आहे हे अजून सर्वांना कळत नाही.

माझी आपल्याला विनंती आहे. पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत शेतीच्या पानावर दोन रंगीत छायाचित्रे छापा, एक खालून पिवळ्या पडलेल्या उसाचे, एक वरून पिवळ्या पडलेल्या उसाचे, आणि खाली चार ओळी. त्यासाठी लागेल ती मदत फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून मिळू शकेल, आणि हळदीसाठी असेच काही करायचे तर कसबे डिग्रजचे केंद्र सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. टॉनिकच्या जाहिराती आपण छापता, त्याला माझी हरकत नाही. शेजारी ही छायाचित्रेही असू द्या.

त्या मुलाने चर काढला, वाफसा आल्यावर पहारीने हप्ता दिला. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याचे पान रुंद आले. बाटली त्याच्या गोठ्यातल्या कोनाड्यात बंदच आहे.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक वाचक,
ता. वाळवा, जि. सांगली